संशोधनसंस्थांचे नेतृत्व आणि त्याच्या घडणीचा खर्च

एखाद्या संशोधनसंस्थेचा वार्षिक अहवाल उघडला, तर वर्षभरात प्रसिद्ध झालेले ग्रंथ व लेख, चालू असलेल्या पाहण्या, ग्रंथालयात पडलेली भर आणि जमाखर्चाचा ताळेबंद इतक्या गोष्टी त्यात हटकून सापडतात. विद्यमान संचालक निवृत्त झाल्यावर संस्थेची धुरा कोण वाहणार, त्या व्यक्तीची तयारी कोठवर आली आहे आणि त्या तयारीसाठी सरत्या वर्षात किती रुपये खर्ची पडले, याविषयीचे सदर मात्र बहुधा कोणत्याही अहवालात नसते. प्रश्न गौण आहे म्हणून ते नसते असे नव्हे. त्या कामासाठी पैसे देणारा कोणी नसतो, आणि ज्यासाठी पैसे आलेले नाहीत त्याचा हिशेबही कोणी मागत नाही, एवढेच त्याचे कारण.

शासकीय खात्यात वा विद्यापीठात ही अडचण इतकी तीव्र होत नाही. तेथे पदे मंजूर असतात, वेतनश्रेणी ठरलेली असते आणि एका ठिकाणचा अनुभवी माणूस दुसऱ्या ठिकाणी नेता येतो. नफा हे उद्दिष्ट नसलेल्या स्वायत्त संशोधनसंस्थेची स्थिती निराळी आहे. अशा संस्थेत वीस-पंचवीस संशोधक असतात. त्यांच्या वेतनाचा मोठा भाग निरनिराळ्या दात्यांनी निरनिराळ्या कामांसाठी दिलेल्या अनुदानांतून येतो, आणि प्रत्येक अनुदानाला मुदत असते. अमुक जिल्ह्याची पाहणी, तमुक योजनेचे मूल्यमापन, असे काम संपले की पैसाही संपतो. काम करणारा माणूस त्या कामापुरता पोसला जातो. त्या कामातून तो उद्या कोण होणार, हे दात्याच्या दृष्टीने त्याच्या कराराबाहेरचे असते.

येथे नेतृत्व या शब्दाचा अर्थ प्रथम नेमका केला पाहिजे, कारण अलीकडे हा शब्द फार सैल वापरला जातो. सभा गाजविणे म्हणजे नेतृत्व नव्हे, आणि व्यवस्थापनशास्त्राचा पंधरा दिवसांचा वर्ग करून आल्याने ते अंगी येते असेही नव्हे. संशोधनसंस्थेतील नेत्याला मुख्यतः चार-पाच गोष्टींचा निवाडा करावा लागतो. कोणता प्रश्न पाच वर्षे खर्चण्याच्या योग्यतेचा आहे, कोणते अनुदान नाकारावे, कोणत्या कनिष्ठाच्या कच्च्या मसुद्यात पुढील दहा वर्षांचे बीज आहे, विश्वस्तांपुढे जमाखर्च कसा मांडावा आणि दात्याला न रुचणारा निष्कर्ष निघाल्यास दाता व संशोधक यांच्यामध्ये कसे उभे राहावे. यांपैकी एकही गोष्ट पीएच. डी.च्या अभ्यासक्रमात शिकविली जात नाही. किंबहुना उत्तम संशोधकाची सवय नेमकी उलट असते. आपला प्रश्न, आपली सामग्री आणि आपले एकांतातले टेबल यांत तो रमलेला असतो. त्याला तेथून उठवून दुसऱ्यांच्या प्रश्नांची चिंता वाहावयास लावणे हेच मुळात खर्चाचे काम आहे.

हा खर्च कशाचा, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका संस्थेत २० संशोधक आहेत व प्रत्येकाचे बाराही महिन्यांचे वेतन कोणत्या ना कोणत्या अनुदानावर टाकलेले आहे. म्हणजे एकूण २४० महिन्यांचे वेतन झाले. यांतील चौघांना भावी जबाबदारीसाठी तयार करावयाचे ठरले आणि त्यासाठी त्यांना आठवड्याच्या पाच कामाच्या दिवसांतून एक दिवस मोकळा द्यावयाचा ठरला, तर वर्षाकाठी ९.६ महिन्यांचे वेतन कोणत्याही अनुदानावर टाकता येणार नाही. एकूण वेतनाच्या हे प्रमाण अवघे ४ टक्के आहे. परंतु हे ४ टक्के कोणाच्याही नावावर पडत नाहीत, हीच खरी अडचण. प्रशिक्षणवर्गाचे शुल्क, प्रवास, परगावचा मुक्काम हे खर्च दिसतात व त्यांसाठी एखादा दाता मिळूही शकतो. मोकळ्या ठेवलेल्या वेळाचा खर्च दिसत नाही. शिवाय नव्या माणसाने सुरुवातीस केलेल्या चुकांचा खर्च असतो, आणि जुना संचालक जाण्यापूर्वी नवा संचालक त्याच्याबरोबर काही काळ काम करील तर त्या काळातील दुहेरी वेतनाचाही असतो. संस्था हे सारे भागविते कसे, असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर पुण्या-मुंबईच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात चांगले वाचावयास मिळते.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ साली झाली व तिचे फर्ग्युसन महाविद्यालय पुढील वर्षी निघाले. वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करण्याचे व्रत घेणारे आजीव सदस्य हा तिचा कणा होता. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर बाहेर मिळू शकणारे वेतन आणि संस्थेत मिळणारे वेतन यांतील फरक हीच सदस्यांनी संस्थेला दरसाल दिलेली देणगी होती. या देणगीवर संस्था उभी राहिली, परंतु तिच्या पोटात एक वादही होता. सदस्याने बाहेरून मिळविलेल्या प्राप्तीवर हक्क कोणाचा, या प्रश्नाचा ज्या मतभेदांत मोठा वाटा होता, त्यांतूनच लोकमान्य टिळकांनी १८९० साली संस्था सोडली. त्यागावर उभारलेल्या व्यवस्थेत त्यागाचे माप कोणी ठरवावयाचे, हा तंटा आज ना उद्या निघतोच. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र दुसरीच आहे. या व्यवस्थेत आलेला सदस्य पहिल्या दिवसापासून वर्गावर उभा राहत असे. त्याच्या तयारीसाठी राखून ठेवलेला काळ असा नव्हता.

या संस्थेत उमेदीची वर्षे घालवून १९०२ साली बाहेर पडलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा त्यांनी नेमकी हीच उणीव भरून काढली. अल्प निर्वाहवेतन व आजन्म सेवेची शपथ या गोष्टी त्यांनी कायम ठेवल्या. पण नव्या सदस्यासाठी पाच वर्षांचा प्रशिक्षणकाळ नियमातच घातला. त्यांपैकी तीन वर्षे पुण्यास समाजाच्या वास्तूत राहून अभ्यास करावयाचा आणि दोन वर्षे देशाच्या निरनिराळ्या भागांत हिंडून परिस्थिती डोळ्यांनी पाहावयाची, अशी ती योजना होती. पाच वर्षे एखाद्या माणसाला पोसावयाचे आणि त्याच्याकडून त्या काळात मोजता येण्याजोगे काहीही मागावयाचे नाही, ही कल्पना आजच्या कोणत्याही अनुदानपत्रात बसणार नाही. लोकांच्या देणग्या, आणि समाजाच्या ताब्यात आलेल्या आर्यभूषण छापखान्यासारख्या उद्योगाचे उत्पन्न, यांतून हा खर्च चाले. म्हणजे पैसा कामाला बांधलेला नव्हता. तो माणसाला बांधलेला होता.

या खर्चाचे फळ काय मिळाले? १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले यांचे अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निधन झाले. समाजाला तेव्हा जेमतेम दहा वर्षे होत होती आणि संस्थापकावाचून दहा वर्षांच्या संस्था कोलमडल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी नाहीत. समाज कोलमडला नाही. १९०७ साली आलेले श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले, त्यांच्यामागून देवधर आणि १९३६ साली हृदयनाथ कुंझरू. समाजाच्या तालमीत आलेल्या ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली व पुढे १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत भाग घेतला. १९१४ साली समाजात दाखल झालेल्या ठक्करबाप्पांनी भिल्लांच्या व हरिजनांच्या सेवेचे क्षेत्र निवडले. एका संस्थेने तयार केलेली माणसे अन्य संस्थांचे संस्थापक ठरली, याचा अर्थ प्रशिक्षणावरील खर्चाचा लाभ खर्च करणाऱ्याच्या पदरी पुरता पडत नाही असाही होतो. खाजगी दाता हात आखडता का घेतो, हे यावरून कळते.

परंतु या यशाला एक पुस्ती जोडली पाहिजे. १९३६ साली अध्यक्ष झालेले कुंझरू १९७८ साली निधन होईपर्यंत, म्हणजे तब्बल ४२ वर्षे, त्या पदावर राहिले. प्रशिक्षणाचा इतका विचार केलेल्या संस्थेतही माणूस तयार करणे आणि त्याच्यासाठी जागा रिकामी करणे या दोन भिन्न गोष्टी ठरतात. पुण्याच्या हवेत हा गुण असावा असे कोणी विनोदाने म्हटले तर त्याला आधार सापडेल. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ १९३० पासून १९६६ पर्यंत ३६ वर्षे त्या पदावर होते, तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिटणिसी डॉ. रा. ना. दांडेकर यांनी १९३९ पासून १९९४ पर्यंत सांभाळली. या तिघांच्या कर्तृत्वाविषयी दुमत नाही. तरीही प्रश्न उरतो तो असा, की अशा दीर्घ कारकिर्दीच्या छायेत वाढणाऱ्या दुसऱ्या फळीला निर्णय घेण्याचा सराव कोठे मिळावा?

गोखले अर्थशास्त्र संस्थेत या प्रश्नाचे जे उत्तर मिळाले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून, भारत सेवक समाजाच्या सदस्यांच्या विश्वस्ततेखाली, १९३० साली ही संस्था निघाली. मूळ निधी कायम स्वरूपाचा होता, पण मोठा नव्हता. तेव्हा गाडगिळांनी काम वाढविले ते पाहण्यांच्या द्वारे. पुणे शहराची १९३६-३७ मधील सामाजिक-आर्थिक पाहणी व वाई तालुक्यातील शेतीची पाहणी ही त्यांतील प्रसिद्ध उदाहरणे होत. पाहणी हे खर्चाचे काम असले तरी तिच्यात एक गुण आहे. प्रश्नपत्रिका बनविणे, गणक नेमणे, गावोगाव त्यांच्यावर देखरेख ठेवणे, आलेल्या माहितीतील खोटे-खरे निवडणे, हे सारे करताना दुय्यम संशोधकाला माणसे आणि पैसा यांची व्यवस्था लावावीच लागते. नेतृत्वाचे शिक्षण पाहणीच्या खर्चात फुकट मिळते म्हणा ना. पुढे १९५४ साली केंद्र शासनाच्या कृषिखात्याच्या साहाय्याने संस्थेत कृषि-अर्थशास्त्र संशोधन केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांमुळे वर्षानुवर्षे चालणारी पदे निर्माण झाली आणि संचालकाच्या खालोखाल स्वतःच्या विभागाचा कारभार पाहणारी माणसे उभी राहिली. १९६६ साली प्रा. वि. म. दांडेकर संचालक झाले, तेव्हा ते संस्थेला नवखे नव्हते. त्यांनी आणि संस्थेतच वाढलेल्या प्रा. नीलकंठ रथ यांनी मिळून १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा जो ग्रंथ लिहिला, त्यावर देशभर चर्चा झाली. स्वतः गाडगीळ १९६९ साली स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. निरनिराळ्या राज्यांतील स्वायत्त संशोधनसंस्थांना केवळ योजनांपुरते नव्हे तर चालू खर्चासाठीही वार्षिक अनुदान देण्याची जी प्रथा त्या परिषदेने पाडली, तिच्यामागे पुण्याचा हा अनुभव नसेल असे मानणे कठीण आहे.

योजनेला बांधलेल्या पैशातून माणसे घडू शकतात, मात्र योजना पुरेशी लांब पाहिजे, ही गोष्ट भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीवरून अधिक स्पष्ट होते. १९१९ साली हाती घेतलेले हे कार्य १९६६ साली पुरे झाले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे अभिवचन देऊन त्याला चालना दिली. पुढे संस्थानिक, शासने व इतर दाते यांची भर पडत गेली. दात्यांनी पैसे दिले ते ग्रंथासाठी. संपादक घडविण्यासाठी कोणी एक छदामही वेगळा दिला नाही. तथापि १९२५ साली प्रमुख संपादक झालेल्या डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी काम अशा रीतीने विभागले, की प्रत्येक पर्वाला स्वतंत्र संपादक असावा, आणि पाठनिश्चितीची तत्त्वे मात्र आदिपर्वाच्या प्रस्तावनेत एकदा घालून दिल्याप्रमाणे सर्वांनी पाळावी. त्यामुळे डॉ. रघुवीर यांचे विराटपर्व १९३६ साली आणि डॉ. सुशीलकुमार दे यांचे उद्योगपर्व १९४० साली बाहेर पडले. २१ जानेवारी १९४३ रोजी सुकथनकर वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी एकाएकी निवर्तले, तेव्हा काम थांबले नाही. पद्धती एका डोक्यात नव्हती. ती लिहून ठेवलेली होती आणि अनेक हातांत उतरलेली होती.

मात्र सुकथनकरांच्या मागून प्रमुख संपादक झालेले डॉ. श्री. कृ. बेलवलकर त्या वेळी साठी ओलांडलेले होते, आणि १९६१ साली त्यांच्या जागी आलेले डॉ. प. ल. वैद्य सत्तरीच्या घरात होते. दोघेही प्रकांड पंडित; दोघांचीही मुख्य नोकरी अन्यत्र होऊन गेलेली. यात एक छुपे अनुदान दडलेले आहे. ज्येष्ठ विद्वानाच्या चरितार्थाची तजवीज त्याच्या पूर्वीच्या नोकरीने केलेली असते, म्हणून संस्थेला नेतृत्व स्वस्तात मिळते. ही सोय ज्या संस्था वापरतात त्यांचे चाळिशीतले संशोधक अधिकाराच्या पदाची वाट पाहत राहतात किंवा विद्यापीठात निघून जातात. स्वस्ताईची किंमत कोठे तरी द्यावीच लागते.

डेक्कन महाविद्यालयाचा प्रयोग याहून वेगळा, आणि पैशाच्या हेतूच्या दृष्टीने सर्वांत सरळ. १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडलेल्या या महाविद्यालयात डॉ. सु. मं. कत्रे यांच्या संचालकत्वाखाली १९५४ पासून रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने भाषाविज्ञानाचे अल्पमुदतीचे वर्ग भरू लागले. सुट्टीच्या काळात देशभरातील तरुण अध्यापक येथे येत; फर्ग्युसन, गंपर्झ यांसारखे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ भारतीय अध्यापकांबरोबर शिकवीत; काही तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन परदेशी पाठविले जाई. येथे दात्याने कोणताही शब्दकोश वा व्याकरण मागितले नव्हते. एक विषय भारतात रुजविणारी पिढी तयार व्हावी, हेच मागणे होते. मुदतीचा पैसा संपल्यावर काम बंद पडले नाही, कारण तोवर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या प्रगत अध्ययन केंद्राच्या योजनेचा आधार मिळण्याजोगी माणसे तयार झालेली होती. परकी दात्याने बियाणे द्यावे आणि देशी शासनाने पाणी घालावे, हा क्रम पुष्कळदा ठरवून होत नाही. येथे तो जुळून आला.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे उदाहरण वरील सर्वांहून श्रीमंत आहे, हे मान्य करूनच ते घ्यावयास हवे. डॉ. होमी भाभा यांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टला जे पत्र लिहिले, त्यात इमारतीपेक्षा माणसांचा विचार अधिक आहे. अणुशक्तीचा उपयोग वीजनिर्मितीसाठी होईल त्या वेळी भारताला तज्ज्ञांसाठी बाहेर पाहावे लागू नये, ते येथेच तयार असावेत, हा त्या पत्राचा आशय. संस्था १ जून १९४५ रोजी सुरू झाली. प्रारंभी टाटा ट्रस्ट व मुंबई सरकार यांचा भार मोठा होता. पुढे केंद्र शासनाच्या अणुशक्ती खात्याने बहुतेक खर्च उचलला. भाभांची पद्धती अशी, की प्रथम योग्य माणूस हेरावयाचा आणि मग त्याच्याभोवती विभाग उभा करावयाचा. माणूस नसेल तर विभाग काढावयाचाच नाही. १९६३ साली परतलेले गोविंद स्वरूप आणि १९७० मध्ये उटी येथे उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण हे या पद्धतीचे फळ. नारायणगावजवळ खोडद येथील महादुर्बीण तीच परंपरा पुढे चालविते.

तथापि या विवेचनात अधिक उपयोगी आहे ती संस्थेतील मधल्या पायऱ्यांची रचना. डॉ. एम. जी. के. मेनन ब्रिस्टलहून १९५५ साली संस्थेत आले. १९६० साली भौतिकी शाखेचे अधिष्ठाता आणि नंतर उपसंचालक झाले. २४ जानेवारी १९६६ रोजी विमान-अपघातात भाभांचा अंत झाला, तेव्हा संचालकपदासाठी शोध करण्याची वेळ आली नाही. मेनन त्या वेळी ३७ वर्षांचे होते. त्यांच्यानंतर १९७५ साली संचालक झालेले डॉ. बी. व्ही. श्रीकांतन १९४८ पासून संस्थेत काम करीत होते. अधिष्ठाता, उपसंचालक ही पदे कागदोपत्री कारभारासाठी असतात, पण त्यांचा खरा उपयोग उमेदवारीचा असतो. त्या पदावरचा मनुष्य चुकला तर वर संचालक आहे, आणि बरोबर ठरला तर पुढे वाट मोकळी आहे. या पदांचे वेतन शासनाच्या नियमित अनुदानातून मिळत असल्यामुळे नेतृत्वाच्या घडणीसाठी म्हणून एक पैसाही वेगळा मागावा लागला नाही. छोट्या संस्थेला मात्र उपसंचालक ही चैन वाटते, आणि हिशेबतपासनीसही तसेच म्हणतो.

हिशेबतपासनिसाचा उल्लेख आला, तो केवळ गमतीने नव्हे. आजच्या स्वायत्त संशोधनसंस्थेपुढील अडचणीचे एक मूळ खर्चाच्या वर्गीकरणात आहे. परकीय देणग्यांचे नियमन करणाऱ्या २०१० च्या कायद्याने अशा देणगीतून करावयाच्या प्रशासकीय खर्चावर ५० टक्क्यांची मर्यादा घातली होती. २०२० च्या दुरुस्तीने ती २० टक्क्यांवर आणली. संशोधन किंवा प्रशिक्षण हे ज्यांचे मुख्य कार्य आहे त्या संस्थांना नियमांत एक सवलत आहे. प्रशिक्षण देणाऱ्या, तसेच क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्या वा तिचे विश्लेषण करणाऱ्या माणसांचे वेतन प्रशासकीय खर्चात धरले जात नाही. सवलत रास्त आहे, परंतु तिचा परिणाम चमत्कारिक होतो. एखादी संशोधिका माहितीचे विश्लेषण करीत आहे तोवर तिचे वेतन संशोधनाच्या रकान्यात राहते. तिने व्यवस्थेची जबाबदारी घेतली की तेच वेतन प्रशासनाच्या रकान्यात जाते आणि २० टक्क्यांची जागा अडविते. नेतृत्वाकडे टाकलेले प्रत्येक पाऊल संस्थेला हिशेबात महाग पडते. त्याच दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यासही बंदी केली. त्यामुळे एका मोठ्या संस्थेने अनुदान घ्यावे व पाच-सहा लहान संस्थांना वाटून देऊन त्यांच्या मधल्या फळीची एकत्र तयारी करावी, हा मार्गही परकीय पैशापुरता मिटला.

देशी पैशाची वाट अधिक रुंद आहे, पण तीही सरळ नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये विशिष्ट आकारावरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. २०१४ च्या नियमांत, काम पार पाडणाऱ्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांचे सामर्थ्य वाढविण्यावरही कंपनीला खर्च करता येत असे. अर्थात प्रशासकीय खर्च धरून ५ टक्क्यांच्या आत. २०२१ च्या दुरुस्तीत सामर्थ्यवर्धनाचा उल्लेख राहिला तो कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरता. जाणीवपूर्वक कोणी संशोधनसंस्थांचे दार लावले असे म्हणता येणार नाही. त्या दाराकडे कोणाचे लक्षच नव्हते, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

उलट दिशेचा एक मोठा प्रयत्न आंतरराष्ट्रीय क्षेत्रात झाला, तो येथे नोंदविला पाहिजे. कॅनडाच्या आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राने ह्यूलेट फाउंडेशनसह २००८ साली धोरणविषयक संशोधनसंस्थांसाठी एक उपक्रम सुरू केला आणि तो २०१९ पर्यंत चालविला. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात भारतासह २० देशांतील ४३ संस्थांना असा पैसा मिळाला, की तो कोणत्याही एका संशोधनयोजनेला जखडलेला नव्हता; संस्थेने आपली गरज ओळखून तो वापरावयाचा होता. या प्रकारच्या पैशाने संचालकाला उपसंचालक नेमता येतो, संशोधकाला मोकळा दिवस देता येतो. पण दहा-अकरा वर्षांची मुदत ही एका माणसाच्या घडणीला पुरेशी असली तरी एका संस्थेच्या दोन पिढ्यांना अपुरी पडते. मुदत संपल्यावर नेमलेल्या माणसाचे वेतन पुन्हा योजनांवरच टाकावे लागते.

तेव्हा छोट्या संस्थेने हा खर्च स्वतःच्या कायम निधीच्या व्याजातून करावयाचा म्हटले तर निधी केवढा लागेल? वरील कल्पित संस्थेचेच उदाहरण घेऊ. संशोधकाचे सरासरी मासिक वेतन १ लाख रुपये धरले, तर मोकळ्या ठेवलेल्या वेळाचे वर्षाला ९.६ लाख रुपये होतात. संचालकाचे वार्षिक वेतन ३० लाख रुपये आहे आणि दर दहा वर्षांनी एकदा, जुना व नवा संचालक वर्षभर एकत्र काम करतील अशी सोय करावयाची आहे असे मानले, तर त्यापोटी दरसाल ३ लाख रुपये बाजूला टाकावे लागतील. दोन्ही मिळून १२.६ लाख. निधीवर ७ टक्के व्याज मिळत असेल तर १ कोटी ८० लाख रुपयांचा निधी पुरेसा दिसतो. हा आकडा दात्यापुढे ठेवला तर तो फारसा दचकणार नाही. परंतु वेतने दरवर्षी वाढतात आणि निधी वाढत नाही. भाववाढीपोटी व्याजातील ४ टक्के निधीतच परत घातले व उरलेले ३ टक्केच खर्चास घेतले, तर त्याच कामाला ४ कोटी २० लाख रुपये लागतात. १९३० च्या सुमारास ज्या उदार गृहस्थांनी संस्थांना कायम निधी दिले, त्यांच्या संकल्पांत हा दुसरा हिशेब बहुधा केलेला नसे. युद्धकाळापासून वाढत गेलेल्या महागाईने त्या निधींचे मोल झिजत गेले, आणि वेतनाचा भार हळूहळू योजनांवर सरकला तो त्यानंतर.